झोनाकडची चाल

१० एप्रिल १९९४, रविवार

ज्या गॅस कंपनीचा टँकर मी चालवतो तिने नववर्षाला दिलेली ही डायरी आजपर्यंत गाडीत कापडाच्या बोळ्याखाली पडून होती. आज घरात आणली, कारण घरात बोलायला माणूस उरलं नाही. म्हणजे माणूस आहे, बोलणं उरलं नाही. माझी बायको नेव्हा, तिची थोरली बहीण झोना फेब्रुवारीत गेली. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता पायरीवर टेकली ती उठलीच नाही. तेव्हापासून नेव्हा 'मीठ दे' आणि 'दार लाव' याखेरीज काही बोललेली नाही.

आज चर्च सुटल्यावर पाद्रीबुवांनी तिला दारातच गाठलं. जूनच्या पहिल्या रविवारी आमच्या कबरस्तानात डेकोरेशन. सगळं कुळ टेकडीवर जमतं, कबरींवर माती नीट ओढून फुलं ठेवतं आणि तिथेच जेवतं.

"झोनाच्या मातीवर तुम्हा बहिणींचं ते गाणं म्हणशील ना, नेव्हा?"

"माझ्याकडे नाही ते," नेव्हा म्हणाली.

"मन घट्ट कर, पोरी."

नेव्हाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी तिला भलत्याच गावचा पत्ता सांगितला. गाडीत बसल्यावर मीही तेच सांगितलं, मन घट्ट कर. तिने खिडकीची काच वर केली.

ते गाणं त्यांच्या आईचं. पुस्तकात नाही, तबकडीवर नाही. 'नदी उतरली की येईन म्हणालास, नदी उतरली, मी उभी,' असं काहीसं. रविवारी दुपारी झोनाच्या ओसरीवर दोघी शेंगा सोलायच्या आणि गायच्या, आणि मी गाडीत बसून आठवड्याची टॉप चाळीस गाणी ऐकायचो. खरं सांगायचं तर कंट्री संगीत म्हणजे नॅशव्हिलहून रेडिओवर येतं ते, असंच मी धरून चाललो होतो. या दोघींचं गाणं मला घरकामातच जमा वाटायचं, भांडी विसळल्याचा आवाज येतो तसं तेही येत असे.

१४ एप्रिल

आज ती आपणहून बोलली. मी रॅम्पची पात बटाट्यात परतून खाल्ली होती. या जंगली लसणाच्या वासाने माणूस आठवडाभर बाजूच्या खोलीत झोपतो. पण ती जवळ येऊन बसली.

"होबार्ट, तू इतकी वर्षं ऐकलंस आम्हाला. कसं होतं?"

"काय कसं होतं?"

"ते गाणं. कसं जायचं?"

 म्हटलं, आता हिला धीर द्यायची वेळ. "गोड होतं गं. फार गोड होतं. दोघी एकदम सुरू करायचात आणि अंगावर काटा यायचा."

ती उठून गेली. वास सहन झाला नसेल.

२२ एप्रिल

कार्सनकाका बकनर यांच्या घरची गॅसची टाकी भरायला गेलो होतो. म्हातारा ऐंशी उलटलेला, फिडल वाजवतो. गुरुवारी संध्याकाळी दाणागोट्याच्या दुकानात त्यांची गाणारी-वाजवणारी मंडळी जमते. मी गाडीचं दार उघडं ठेवून नळी ओढत होतो, आत रेडिओ चालू.

"ते बंद कर," काका ओसरीवरून ओरडले. "माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील."

"काका, एक नंबरचं गाणं आहे हे सध्या."

"मग दोन नंबरची काय दशा असेल!"

रेडिओ बंद केला आणि का कोण जाणे, नेव्हाचं सगळं त्यांच्यापुढे ओकलो. गात नाही, बोलत नाही, डेकोरेशन तोंडावर आलंय. काकांनी ऐकून घेतलं.

"ऐक. चाल होती झोनाकडे. नेव्हा गायची वरचं." वरचं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, हे त्यांनी माझ्या तोंडावरच वाचलं. "अरे गाढवा, एक जण चाल गातो. दुसरा त्याला लागून, पण त्याच्या वरून, आपले वेगळे सूर घेऊन जातो. अख्ख्या खोऱ्यात नेव्हासारखं वरचं कुणी गायलं नाही. पण वरचं म्हणजे वेल. वेलीला खांब हवा. तू फक्त चाल धरून उभा राहा, ती आपोआप चढेल."

"चाल तुम्ही शिकवा मग."

"मला नाही यायची. ते त्या घरचं गाणं. घरच्या गाण्यात बाहेरच्याने तोंड घालायचं नसतं. त्या दोघी सुरू झाल्या की आम्ही वाद्यं गुडघ्यावर ठेवून गप्प बसायचो. ऐकलं पुष्कळ, धरलं कधी नाही." मग हसले. "बायको घरात आहे आणि विचारत फिरतोय माझ्या दारात. काखेत कळसा नि गावाला वळसा."

गाडी चालवताना पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला करण्यासारखं काहीतरी सापडलं.

२९ एप्रिल

काल दुकानात गेलो. पोत्यांच्या मध्ये खुर्च्यांचं कोंडाळं, सगळ्यांची तोंडं आत. ऐकायला आलेल्याच्या वाट्याला पाठी. मला वाटलं हे सुरू व्हायच्या आधीचं बसणं असेल, पण तेच बसणं होतं. कुणी नाव पुकारत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी ती उंच बाई आहे ना, जिच्या हातचे बन चामड्यासारखे असतात, तिने डोळे मिटले आणि बुडालेल्या भावाचं गाणं म्हटलं. वाद्य नाही, काही नाही. चेहरा पीठ मळताना असावा तसा. शेवटपर्यंत आवाज हलला नाही. माझी कॉफी मात्र पेल्यात तशीच गार झाली.

रेडिओवर गाणारा स्वतःच इतका रडतो, की ऐकणाऱ्याला रडायला काही शिल्लक ठेवत नाही. हे मला आज, या वयात कळलं. परतताना सवयीने रेडिओ लावला. तेच एक नंबरचं गाणं लागलं होतं. गेल्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर गात होतो. आज ते सगळं साखर घातलेल्या बिन्ससारखं लागलं. बंद केला आणि डोंगर उतरेपर्यंत तसाच आलो.

मग एकदम मनात आलं की त्या बाईपेक्षा चांगलं माझ्या घरात होतं. ते ऐकायला मी आता निघालोय.

५ मे

नशीब म्हणतात ते हे! नेव्हा भांडी घासताना गुणगुणते. मी घरात नाही असं वाटलं की. आज गाडी लवकर लावून मागच्या दाराशी आलो तर आतून आवाज. एक हात कानावर दाबून ती थोडं गायची, थांबायची, मान हलवायची, पुन्हा पहिल्यापासून. शब्द तेच, नदी उतरली की. चाल तिच्याकडे आहे तर! उगाच म्हणते माझ्याकडे नाही. आठवणीने गळा दाटत असणार, म्हणून अर्ध्यात थांबते बिचारी.

मी बिजागरीला तेल घालण्याचं निमित्त करून बाहेर उभा राहिलो.

९ मे

बिजागरीचं काम चालू आहे. "त्या दाराला झालंय तरी काय?" म्हणून नेव्हाने विचारलं. म्हटलं, जुनं लाकूड. दोन कडवी पक्की झाली. विचित्र चाल आहे. जिथे खाली यावंसं वाटतं तिथे ती वरच लटकून राहते. पण जुनी गाणी अशीच असतात, असं दुकानातली मंडळी म्हणतात.

१३ मे

सगळं गाणं आलं. दिवसभर गाडीत गातो. विधवा डेव्हिसबाईंचा कुत्रा अंगणातल्या गॅसच्या टाकीपर्यंत मला सोबत करायचा, तो आता पोर्चखालून बाहेर येत नाही.

काल कार्सनकाकांना म्हणून दाखवलं. त्यांनी डोकं तिरकं केलं.

"सुरात आहेस. ते मला वाटलं नव्हतं."

"पण?"

"पण काही नाही. ओळखीचं आहे रे, फार ओळखीचं. पण ओसरीवर चुकीच्या खुर्चीत कुणी बसावं तसं वाटलं." मग कान चोळून म्हणाले, "माझंच काहीतरी. कान गेलेत माझे. जा, तिला म्हणून दाखव."

१९ मे

लिहायला बसलोय, पण काय लिहू.

जेवणाआधी नेव्हा ओसरीवर बटाटे सोलत होती. मी शेजारी बसलो, टोपी काढली आणि सुरू केलं. नदी उतरली की येईन म्हणालास. तिचा सुरीचा हात थांबला. माझ्याकडे वळून पाहिलं तिने, आणि फेब्रुवारीपासून पहिल्यांदा तो चेहरा माझ्या बायकोचा होता. दुसऱ्या ओळीला तिने तोंड उघडलं.

मी वाट बघत होतो की आता ही वर चढेल. ती चढली नाही. ती माझ्याबरोबरच. मी जिथे, तिथे ती. एका वाटेने दोन गायी निघाल्यासारखे आम्ही दोन ओळी गेलो. तिसऱ्या ओळीला तिने खालून काहीतरी घ्यायचा प्रयत्न केला, घसरली आणि परत माझ्याच सुरावर येऊन बसली. मग थांबली आणि हसायला लागली. इतकी हसली की मांडीवरचे बटाटे पायऱ्यांवरून अंगणात गेले.

"हे कुठून शिकलास तू?"

"तुझ्याकडून. दाराआडून."

"ती बिजागरी!"

"हो."

"अरे वेड्या, हे माझं आहे. हे वरचं आहे, होबार्ट!"

मी म्हटलं, "मग चाल कुठली?"

हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे लागलं ते मला कळलं नाही. तिने ॲप्रन तोंडाला लावला. "तेच तर शोधतेय रे मी. रोज शोधतेय. जिथे हात घालते तिथे माझेच सूर हाताला लागतात. चाल झोनाकडे होती."

"पण तू जन्मभर ऐकलीस की."

"मी तिच्या तोंडाकडे बघून गायचे. ती कुठे वळणार ते बघायचं आणि वळायचं. आणि ती दर वेळी वेगळी वळायची, तिला कोण सांगणार? आईने तिला चाल दिली, मला वरचं दिलं. मला वाटलं तेवढं सांभाळलं की झालं. घरात चालताना जमीन कोण बघतं?" मग हळूच म्हणाली, "तुला विचारलं होतं मी. कसं जायचं म्हणून. तू म्हणालास गोड होतं."

बटाटे गोळा करून आणले. धुतले. आणखी काय करता येतं मला?

२२ मे

तीन दिवस सगळ्यांच्या दारात जाऊन आलो. गॅस संपलेला नसतानाही टाक्या तपासल्या. झोना-नेव्हाचं गाणं आठवतं का? सगळ्यांना आठवतं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून दाखवा म्हटलं की सगळे नेव्हाचंच म्हणतात, वरचं. तिचा आवाज धारदार, तोच कानात राहिलेला. कुळातल्या मोझेलआजीने तर मोठ्या विश्वासाने जे म्हटलं ते रेडिओवरचं सध्याचं तीन नंबरचं निघालं. मी मान डोलावली आणि तिच्या हातचा केक खाऊन आलो.

नेव्हा दारातच उभी होती. मी मान हलवली. "असू दे," म्हणाली. पूर्वीच्या माझ्या मन-घट्ट-करच्या तोडीचं होतं ते असू दे.

२५ मे

शार्लट शहरात व्होंडाला फोन केला. झोनाची एकुलती एक लेक, तिथे बँकेत आहे. आईचं गाणं ती कधी शिकली नाही. तिच्या तरुणपणी तिला त्याची लाज वाटायची, आणि मग ती शहरात गेली. सहज विचारल्यासारखं विचारलं, आईचा आवाज कुठे टेपवर आहे का गं?

"आईने करू दिलं असतं होय? 'गाणं डब्यात भरलं की आंबतं,' म्हणायची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, एक आहे. तेरा वर्षांची असताना नाताळात मी टेबलाखाली टेपरेकॉर्डर लपवून दोघींना पकडलं होतं. आई गेल्यावर ती कॅसेट ड्रॉवरमध्ये सापडली. मी लावली नाही. धीरच झाला नाही."

"पाठव," म्हटलं. 

नेव्हाला सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसली आणि पुन्हा उभी राहिली. संध्याकाळी तिने मक्याचा पाव केला, ताक ओतलं आणि मला म्हणाली, "दमला असशील." एवढ्यानेच मी किती खूश झालो, हे तिला कळू दिलं नाही.

३१ मे

कॅसेट आली. पाकिटावर व्होंडाचं सुबक अक्षर.

नेव्हाने टेबल पुसलं, केस नीट केले, जणू पाहुणे येणार आहेत. मी बटण दाबलं. खरखर झाली आणि एक पुरुषी आवाज उत्साहाने म्हणाला की या आठवड्यात विसाव्या क्रमांकावर आहे…

वाटलं, दुसरी बाजू असेल. दुसऱ्या बाजूला दहावा क्रमांक होता. पोरीने पुढे कधीतरी त्याच कॅसेटवर रेडिओ भरला होता. विसरलीही असेल. प्रत्येक गाणं मला पाठ होतं. शब्द न् शब्द. ओसरीवर दोघी गात होत्या तेव्हा मी गाडीत हीच ऐकत होतो की काय, ते देवाला माहीत.

आम्ही शेवटपर्यंत ऐकली. पहिला क्रमांक संपला, फीत तशीच फिरत राहिली, आणि अगदी टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग झोना, इथे खोलीत असल्यासारखी: "सरक गं थोडी, नेव्हा, माझा को—"

खट्. फीत संपली.

नेव्हाने ते पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. "कोपर," ती म्हणाली. "माझा कोपर लागतो, असं म्हणायची." पुन्हा लावलं. झोना बोलली आणि थांबली. पुढे गाणार होती नक्की, पण फीत तिथे संपते.

मी फीत तपासली, स्क्रू काढून आतून पाहिली. कशाला पाहिली, विचारू नये. माणसाच्या हातात पेचकस असला की तो स्वस्थ बसत नाही.

३ जून

नेव्हा म्हणाली, "रविवारी म्हणणार आहे मी."

"काय म्हणणार?"

"जे आहे ते."

व्होंडाला कॅसेटचं काही सांगायचं नाही, असं बजावलं.

५ जून, रविवार

टेकडीवर ऊन होतं. आम्ही सकाळी लवकर जाऊन झोनाची माती वर ओढली, दगड काढले, नेव्हाने कागदी पिवळी फुलं खोचली. कुळातली सगळी आली होती. टेबलांवर तळलेली कोंबडी, अंडी, दहा तऱ्हेचे केक. व्होंडा शहरी बूट घालून चिखलातून वर आली.

प्रार्थनेनंतर नेव्हा उभी राहिली. मला वाटलं होतं ती हात कानावर ठेवेल, पण तिने दोन्ही हात खाली सोडले. गायला लागली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती थोडी थांबायची. एका शब्दापुरती. मला आत्ता कळलं, तिथे झोना आधी निघायची आणि ही मागून जाऊन तिला गाठायची. मग ती शिरायची, वर, कशाच्याही आधाराशिवाय. कार्सनकाका टोपी छातीशी धरून जमिनीकडे बघत होते. त्यांना पहिल्याच ओळीला कळलं असणार की मी चाल म्हणून ऐकवलं होतं ते हेच.

संपल्यावर मोझेलआजी डोळे पुसत म्हणाली, "किती सुरेख गं! नवीन बसवलंस? तुमचं ते जुनं का नाही म्हटलं?"

"नवीनच आहे, आजी," नेव्हा म्हणाली.

मी आजीचा हात धरून तिला केकच्या टेबलाकडे नेलं.

जेवणं उरकत आली तेव्हा व्होंडा मावशीला बिलगली. "मावशी, टेपवर आईचा आवाज नीट आला होता ना?"

"स्वच्छ आलाय."

"मला ऐकायचा नाही इतक्यात. पण मला ते गाणं शिकव. आईचं शिकव. मी आईचं गाईन आणि तू वरून तुझं गा. माझ्यापाशी ते थांबायला नको गं."

मी तिथेच उभा होतो, हातात बटाट्याचं भांडं घेऊन. आता नेव्हा सांगेल, म्हटलं. सांगायलाच हवं. नेव्हाने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. झोनाचं नाक, झोनाचे दात.

"बस," म्हणाली. "सोपं आहे."

आणि नेव्हाने तिला आपलं वरचं शिकवलं. ओळ न् ओळ, आईचं म्हणून. व्होंडा झोनाच्या मातीशेजारी गवतात बसून शिकली. तिला चटकन आलं. तिलाच काय, पण आम्हा कुणाला माहीत नव्हतं की पोरीचा गळा थेट झोनाचा आहे. टेबलांवरची माणसं बोलायची थांबली.

"आता तू घे मावशी, वरचं," व्होंडा म्हणाली, आणि डोळे मिटून पहिल्यापासून एकटीने सुरू केलं.

नेव्हाने श्वास घेतला. तोंड उघडलं. तिची जागा पोर गात होती, सुरेल, न चुकता. आणि त्याच्या वर काहीच नव्हतं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. नेव्हा तशीच उघड्या तोंडाने तिच्याकडे बघत उभी.

व्होंडाने डोळे उघडले. "काय झालं? चुकले?"

"नाही गं," नेव्हा म्हणाली. "तूच गा. मी ऐकते."